होम्सची दोन व्याख्याने : वैद्यकीय भ्रमांची चिकित्सा

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. रोग्यावर केला जाणारा उपचार ही एक चिकित्सा. एखादे मत अथवा ग्रंथ कसोटीला लावून पाहणे ही दुसरी. वैद्यकाच्या इतिहासात या दोन चिकित्सा नेहमी एकत्र नांदल्या आहेत असे नाही. उपचार करणाऱ्यास परीक्षणाची सवड नसते आणि परीक्षण करणाऱ्यास उपचाराचे उत्तरदायित्व नसते. ज्या थोड्या लेखकांनी हे दोन्ही अर्थ एका लेखणीत आणले त्यांत अमेरिकन वैद्य, कवी व निबंधकार ऑलिव्हर वेंडेल होम्स (१८०९–१८९४) याची गणना करावी लागते. १८४२ साली बॉस्टन येथे उपयुक्त ज्ञानाच्या प्रसारार्थ स्थापन झालेल्या एका मंडळापुढे त्याने दोन व्याख्याने दिली. ‘होमिओपॅथी आणि तिचे सगोत्र भ्रम’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली ती त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वैद्यकीय भोंदूगिरीच्या खंडनपर वाङ्मयात या छोट्या ग्रंथास आजही मानाचे स्थान दिले जाते. हे स्थान त्यास कोणत्या गुणांमुळे प्राप्त झाले, आणि त्या युक्तिवादात कोणती उणीव राहून गेली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१

पहिल्या व्याख्यानात होमिओपॅथी जवळजवळ येतच नाही. त्याऐवजी होम्स श्रोत्यांपुढे चार जुन्या उपचारांची कथा मांडतो. पहिली कथा राजस्पर्शाची. गंडमाळेचा रोग राजाच्या हस्तस्पर्शाने बरा होतो, अशी श्रद्धा इंग्लंडमध्ये शतकानुशतके होती. दुसऱ्या चार्ल्सने आपल्या कारकीर्दीत सुमारे नव्वद हजार रोग्यांना स्पर्श केल्याची नोंद आहे. पुढे विख्यात कोशकार झालेल्या सॅम्युएल जॉन्सन यास बालपणी, १७१२ साली, राणी अ‍ॅनच्या स्पर्शासाठी नेण्यात आले होते. जॉन्सनचा रोग मात्र बरा झाला नाही, आणि १७१४ मध्ये अ‍ॅनच्या मृत्यूबरोबर ती प्रथाही इंग्लंडमधून गेली. येथे होम्सचे लक्ष राजावर नसून साक्षीदारावर आहे. चार्ल्सचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन हा आपल्या काळचा अत्यंत कुशल व अनुभवी वैद्य. त्यानेही शेकडो रोगी स्पर्शाने बरे झालेले आपण पाहिले असल्याची ग्वाही दिली आहे.

दुसरी कथा शस्त्रलेपाची. जखम ज्या शस्त्राने झाली त्या शस्त्रास मलम लावावयाचे. जखम मात्र नुसती धुऊन स्वच्छ कापडाने बांधून ठेवावयाची. या मलमात कवटीवर उगवलेले शेवाळ, मानवी रक्त, ममीचे चूर्ण असली द्रव्ये असत. तिसरी कथा डांबराच्या पाण्याची. आयर्लंडमधील क्लॉइनचा बिशप जॉर्ज बर्कली याने १७४४ साली ‘सिरिस’ हा ग्रंथ लिहून डांबर ढवळून निवळलेले पाणी हे जवळजवळ सर्व रोगांवरील औषध असल्याचे प्रतिपादन केले. चौथी कथा कनेक्टिकटच्या इलायशा पर्किन्सची. त्याने १७९६ मध्ये दोन टोकदार धातुशलाकांचे पेटंट मिळविले. या शलाका दुखऱ्या भागावरून ओढल्या असता वेदना निघून जाते, असा त्याचा दावा होता. १७९७ मध्ये त्याच्या प्रांतातील वैद्यकमंडळाने त्यास बहिष्कृत केले. १७९९ मध्ये पीतज्वरावर आपण शोधलेले औषध आजमावण्यासाठी तो न्यूयॉर्क येथे गेला आणि त्याच ज्वराने तेथे मरण पावला. त्याच्या पुत्राने या शलाका लंडनमध्ये पाच गिनींना एक जोडी या भावाने विकल्या. १८०४ मध्ये तेथे पर्किन्सच्या नावाची एक रुग्णसंस्थाही उभी राहिली.

या चार कथांची निवड सहेतुक आहे. प्रत्येक कथा एकेका पुराव्याचे मोल निश्चित करते. वाइजमनच्या साक्षीवरून असे दिसते की, तज्ज्ञाचा अनुभव हा स्वतःहून पुरावा ठरत नाही. बर्कलीच्या उदाहरणावरून असे दिसते की, विद्वत्ता आणि निःस्वार्थ सचोटी यांचाही उपयोग होत नाही. बर्कली हा त्या शतकातील सर्वश्रेष्ठ तत्त्वचिंतकांपैकी एक होता आणि डांबराच्या पाण्यातून त्यास कवडीचाही लाभ व्हावयाचा नव्हता. पर्किन्सच्या पुत्राने हजारो रोगी बरे झाल्याची प्रमाणपत्रे छापली होती. त्यांत धर्मोपदेशक, प्राध्यापक, वैद्य अशा प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या. म्हणजे संख्येचाही उपयोग नाही. भोंदू म्हणजे लबाड, हे सामान्य समीकरण होम्स येथे मोडून काढतो. त्याच्या चार कथांतील बहुतेक पात्रे प्रामाणिक आहेत, आणि भ्रम टिकतो तो त्यांच्या प्रामाणिकपणाच्याच बळावर. खंडनपर लेखनात हा संयम सहसा आढळत नाही. प्रतिपक्षास ठक म्हणून मोकळे होण्याचा मोह होम्सने आवरला, यातच या ग्रंथाचे पहिले यश आहे.

२

तथापि या कथांनी नेमके काय सिद्ध होते, हे काटेकोरपणे पाहिले पाहिजे. राजस्पर्श खोटा होता, शस्त्रलेप खोटा होता, म्हणून होमिओपॅथीही खोटी, असे अनुमान कोणी काढू लागल्यास तो उघड हेत्वाभास होईल. सादृश्य हे प्रमाण नव्हे. चार दृष्टांतांवरून निष्पन्न होते ते एवढेच की, ‘अनेकांना गुण आला’ ही साक्ष निर्णायक मानता येत नाही. कारण तितकीच भरघोस साक्ष आज सर्वमान्यपणे खोट्या ठरलेल्या उपचारांनाही लाभली होती. ही मर्यादा होम्स जाणून आहे. पहिल्या व्याख्यानाने तो केवळ भूमी साफ करतो; आरोपाची शाबिती दुसऱ्या व्याख्यानावर सोपवितो.

पर्किन्सच्या कथेत मात्र सादृश्याहून अधिक काही आहे. तेथे एक प्रयोग आहे. जानेवारी १७९९ मध्ये बाथ येथील रुग्णालयात जॉन हेगार्थ या वैद्याने लाकडाच्या शलाका करवून त्यांस धातूसारखा रंग दिला आणि जुनाट संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्या वापरल्या. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातुशलाका वापरल्या, तेव्हा परिणाम तसाच दिसला. १८०० साली हेगार्थने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच कल्पनेस रोगाचे कारण व रोगाचा उपचार अशी दुहेरी भूमिका दिली. पाच रोग्यांचा हा प्रयोग आजच्या मापाने अगदी लहान आहे. पण त्यातील पृच्छा मोठी आहे. ‘शलाकेने गुण येतो का?’ असे हेगार्थने विचारले नाही. ‘शलाका शलाका नसती तरीही गुण आला असता का?’ असे त्याने विचारले. आधुनिक वैद्यकीय परीक्षणाची सारी पद्धती या दुसऱ्या प्रश्नातून उगवली आहे.

यावर पर्किन्सपक्षाने दिलेले उत्तरही विचारार्ह आहे. तान्ह्या मुलांना व घोड्यांनाही शलाकांनी गुण येतो. त्यांना कसली आली कल्पना? हाच आक्षेप आज निरनिराळ्या उपचारपद्धतींच्या समर्थनार्थ जसाच्या तसा ऐकू येतो. त्याचे समाधान कठीण नाही. तान्हे मूल आपली प्रकृती स्वतः सांगत नाही; ती आई सांगते. घोड्याचा लंगडेपणा घोडेवाला सांगतो. कल्पना रोग्याची नसली तरी निरीक्षकाची असू शकते. यास्तव रोग्याप्रमाणेच निरीक्षकासही कोणते द्रव्य खरे व कोणते खोटे हे कळू न देणे आवश्यक ठरते.

३

दुसऱ्या व्याख्यानात होम्स होमिओपॅथीचा प्रवर्तक सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) याच्या सिद्धान्तांस हात घालतो. हानेमान तेव्हा पॅरिसमध्ये हयात होता. त्याचा ‘ऑर्गनॉन’ १८१० साली प्रसिद्ध झाला होता. समानाने समानाचे शमन होते, औषध जितके विरल तितके ते प्रभावी, आणि बहुतेक जुनाट रोगांचे मूळ खरजेच्या विषात असते, असे तीन सिद्धान्त होम्स विचारार्थ घेतो. त्यांत दुसऱ्याचे खंडन सर्वांत प्रसिद्ध आहे. औषधाचा एक थेंब शंभर थेंब मद्यार्कात, त्यातील एक थेंब पुन्हा शंभर थेंबांत, असे करीत गेल्यास किती मद्यार्क लागेल, याचा एका इटालियन वैद्याने मांडलेला हिशेब तो श्रोत्यांना ऐकवितो. नवव्या पायरीस एक तळे भरते आणि सतराव्या पायरीस हजारो एड्रिॲटिक समुद्र अपुरे पडतात. हानेमानची आवडती मात्रा तर तिसाव्या पायरीची होती.

हा हिशेब ऐकून सभागृहात हशा पिकला असेल. परंतु तर्कदृष्ट्या त्यात एक फट राहते. होमिओपॅथ म्हणू शकतो की, एवढा मद्यार्क कोणी वापरीतच नाही. प्रत्येक पायरीस थेंबभरच पुढे नेला जातो. खरा आक्षेप समुद्राचा नाही, तो कणाचा आहे. आणि तो मांडण्याची साधने १८४२ मध्ये होम्सपाशी नव्हती. द्रव्याच्या ठराविक राशीत किती रेणू असतात याचा पहिला अंदाज लोश्मिट याने १८६५ मध्ये केला. आज ती संख्या एका मोलमागे सुमारे ६.०२ गुणिले दहाचा तेविसावा घात अशी निश्चित आहे. शतांश पद्धतीच्या बाराव्या पायरीस विरलता दहाच्या चोविसाव्या घातापर्यंत जाते. म्हणजे प्रारंभी एक मोल द्रव्य घेतले तरी त्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एकही रेणू शिल्लक असण्याची शक्यता नगण्य होते, आणि तिसाव्या पायरीस तर विरलता दहाच्या साठाव्या घाताची असते. होम्सचा विनोद पुढील शतकाच्या रसायनशास्त्राने गंभीर विधानात रूपांतरित केला, असे म्हणता येईल.

प्रायोगिक पुरावा म्हणून होम्सचा भर पॅरिसच्या आंद्राल या वैद्यावर आहे. आंद्रालने ला पिती रुग्णालयात सुमारे १३० ते १४० रोग्यांवर होमिओपॅथीची औषधे वापरून पाहिली आणि काहीही परिणाम न दिसल्याचे सांगितले. हा पुरावा महत्त्वाचा असला तरी त्यात दोन गटांची आंधळी तुलना नव्हती. होमिओपॅथांनी औषधांची निवड चुकल्याचा आक्षेप घेतला. याहून निर्दोष प्रयोग त्यापूर्वीच, १८३५ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे झाला होता. शंभर कुप्या घेऊन त्यांतील निम्म्यांत बर्फ वितळवून ऊर्ध्वपातित केलेले नुसते पाणी आणि निम्म्यांत तिसाव्या पायरीचे मिठाचे औषध भरण्यात आले. कोणती कुपी कशाची हे घेणाऱ्यास वा देणाऱ्यास ठाऊक नव्हते. ज्या पन्नास जणांनी वृत्तान्त कळविला त्यांपैकी बेचाळिसांना काहीच जाणवले नाही. उरलेल्या आठांपैकी पाचांनी औषध घेतले होते आणि तिघांनी पाणी. असा पुरावा होम्सच्या व्याख्यानाच्या केंद्रस्थानी असता, तर समुद्राच्या विनोदाची गरजच उरली नसती.

४

येथपर्यंत दिसलेल्या उणिवा काळाच्या आहेत. त्या होम्सच्या माथी मारणे न्याय्य नाही. परंतु एक उणीव युक्तिवादाच्या गाभ्यातील आहे. वैद्याकडे येणाऱ्या रोग्यांपैकी दहांतले नऊ, निसर्गाच्या कार्यात फारसा अडथळा न आणल्यास, आपोआप बरे होतात, असे तो दुसऱ्या व्याख्यानात सांगतो आणि होमिओपॅथीच्या यशाचे श्रेय निसर्गास देतो. हे स्पष्टीकरण योग्यच आहे. मात्र त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न तो येथे पुरतेपणी उघडत नाही. निसर्गाच्या कार्यात अडथळा आणणारे ते कोण होते?

उत्तर त्याच्याच शस्त्रलेपाच्या कथेत होते. शस्त्रास मलम लावल्याने जखम भरली, याचे कारण मलम जखमेपासून दूर राहिले. त्या काळच्या शस्त्रवैद्यांचे तेल, लेप व पोटिसे यांच्यापेक्षा धुतलेले स्वच्छ कापड अधिक हितावह होते. म्हणजे खोट्या उपचाराचे यश हे प्रतिष्ठित उपचाराच्या अपायाचे माप होते. हाच न्याय १८४२ च्या वैद्यकास लावला तर काय दिसते? शिरा तोडून रक्त काढणे, पाऱ्याचे रेचक भरमसाट देणे, फोड उठविणे, ओकाऱ्या काढणे, हे तेव्हाचे विद्यापीठमान्य उपचार होत. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या अखेरच्या आजारात एका दिवसात त्याच्या शरीरातून वारंवार रक्त काढले गेले होते. अशा वैद्याकडून सुटून जो रोगी साखरेच्या गोळ्यांकडे गेला, तो मूर्ख होता असे म्हणता येत नाही. त्याचे अनुमान चुकले, पण निवड कदाचित चुकली नाही. होमिओपॅथ त्याची कहाणी दीर्घकाळ ऐकून घेई, पथ्य सांगे आणि रक्त काढीत नसे. होम्सच्या व्याख्यानांत भोळ्या रोग्याचे चित्र आहे. या शहाण्या रोग्याचे चित्र नाही.

होम्सला ही गोष्ट अवगत नव्हती, असे मानण्यास आधार नाही. १८३३ ते १८३५ या काळात तो पॅरिसमध्ये प्येर लुई या वैद्याचा शिष्य होता. लुईने १८३५ च्या आपल्या ग्रंथात फुप्फुसदाहाच्या सत्त्याहत्तर रोग्यांची मोजदाद करून रक्तमोक्षणाचा लाभ समजला जातो त्यापेक्षा फारच अल्प असल्याचे दाखविले होते. मोजून पाहणे हा गुरूचा मंत्र शिष्याने १८४२ मध्ये परपक्षावर चालविला. स्वपक्षावर चालविण्याची वेळ अद्याप यावयाची होती.

५

ती वेळ पुढच्याच वर्षी आली, आणि म्हणूनच १८४२ चा ग्रंथ एकटा वाचणे अन्यायाचे होते. फेब्रुवारी १८४३ मध्ये होम्सने बॉस्टनच्या एका वैद्यकमंडळापुढे सूतिकाज्वराच्या सांसर्गिकतेवर निबंध वाचला. बाळंतिणींचा प्राण घेणारा हा ज्वर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो वैद्याच्या व सुइणीच्या हातांनी, हे त्याने उदाहरणांमागून उदाहरणे देऊन दाखविले. ज्या वैद्याच्या हाताखाली अशी प्रकरणे लागोपाठ घडतात त्याने काही काळ प्रसूतिकर्म सोडून द्यावे. तरीही ती घडत राहिल्यास त्यास दुर्दैव न म्हणता अपराध म्हणावे, अशी त्याची मागणी होती. फिलाडेल्फियाचे हॉज व मेग्ज हे प्रसूतिशास्त्राचे नामांकित अध्यापक खवळले. मेग्जने या मृत्यूंचे कारण आकस्मिक योग किंवा ईश्वरी इच्छा मानणे पसंत केले. १८५५ मध्ये होम्सने तो निबंध पुन्हा छापला. व्हिएन्नातील सेमेलवाइसचे कार्य १८४७ चे. होम्सचा निबंध त्याच्या चार वर्षे आधीचा.

या दोन लेखनांची तुलना उद्बोधक आहे. दोहोंत पद्धती एकच : प्रतिष्ठेची साक्ष न मानणे, प्रकरणे मोजणे, पर्यायी कारणाचा शोध घेणे. विषय मात्र उलटा. १८४२ मध्ये आरोपी परका आहे, १८४३ मध्ये आरोपी स्वकीय आहे. शैलीही बदलते. पहिल्यात उपहास खेळकर आहे. दुसऱ्यात उपहास जवळजवळ लोपला आहे, कारण तेथे समोर प्रेते आहेत. पुढे १८६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकसंस्थेपुढील भाषणात त्याने शेवटचे पाऊल टाकले. अफू, मद्य, बधिरीकरणाची द्रव्ये व काही थोडी गुणकारी औषधे वगळता प्रचलित औषधभांडार समुद्रात बुडविले, तर मनुष्यजातीचे कल्याण होईल आणि नुकसान माशांचेच होईल, अशा आशयाचे त्याचे उद्गार बरेच गाजले. १८४२ मध्ये बुडविण्यासाठी योजलेला समुद्र होमिओपॅथीसाठी होता. अठरा वर्षांनी तो आपल्याच व्यवसायासाठी उपयोगात आला.

६

होम्सचे भाकीत खोटे ठरले, हे नमूद केले पाहिजे. होमिओपॅथी लवकरच लयास जाईल असे त्यास वाटत होते. प्रत्यक्षात १८४४ मध्ये अमेरिकेत तिची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १८४८ मध्ये फिलाडेल्फियात तिचे महाविद्यालय निघाले. भारतात महेंद्रलाल सरकार या विख्यात वैद्याने १८६७ मध्ये तिचा जाहीर स्वीकार केला. १९७३ च्या आणि नंतर २०२० च्या केंद्रीय कायद्यांनी तिच्या शिक्षणाची व व्यवसायाची व्यवस्था लावून दिली. दुसरीकडे, २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात होमिओपॅथीच्या ११० व प्रचलित वैद्यकाच्या ११० चाचण्यांची तुलना प्रसिद्ध झाली आणि होमिओपॅथीचे परिणाम निव्वळ आभासी औषधाच्या परिणामांशी जुळणारे असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे वादाचा बौद्धिक निर्णय होम्सच्या बाजूने लागला, सामाजिक निर्णय लागला नाही. खंडनाने मत खोडता येते; ज्या गरजेपोटी लोक त्या मताकडे जातात ती गरज खोडता येत नाही.

नवा उपचार प्रथम उपहासासच पात्र होतो, म्हणून उपहास सहन करणारा उपचार खरा असावा, अशी एक युक्ती या क्षेत्रात नेहमी योजली जाते. तिचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. जेन्नरने १७९८ मध्ये गोस्तनदेवीच्या लसीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने ती लस जून १८०२ मध्ये मुंबईस पोचली आणि तेथे एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. विरोध पुष्कळ झाला, तरी चार वर्षांत लस अर्धे जग ओलांडून आली. टोचलेल्या मनुष्यास देवी येत नाहीत, हे कोणासही पुन्हा पाहता येत होते, हे तिच्या स्वीकाराचे मुख्य कारण होते.

ही कसोटी पाश्चात्त्यांचीच आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यांचे प्रकार सांगताना वैद्याचा केवळ वेष घेणारा ‘छद्मचर’ आणि दुसऱ्याच्या कीर्तीवर मिरविणारा ‘सिद्धसाधित’ हे खऱ्या वैद्यापासून वेगळे काढले आहेत. युक्तीवाचून आलेल्या यशास यदृच्छेचे यश मानण्याची दृष्टीही त्या परंपरेत आहे. वाइजमन, बर्कली व पर्किन्स यांच्या साक्षीत जो दोष होम्सने दाखविला, त्यास ‘यदृच्छा’ हा एक शब्द पुरेसा आहे. परंतु ज्या परंपरेने हा शब्द दिला तीही त्या कसोटीतून मुक्त नाही. चरकाचे नाव छापलेल्या पुडीलाही ‘हे नसते तर काय झाले असते?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. कायदा जाहिरात रोखू शकतो. प्रश्न विचारण्याची सवय त्यास लावता येत नाही.

होम्सच्या दोन व्याख्यानांचे मूल्यमापन करताना म्हणून त्यांच्या विनोदावर किंवा त्यांच्या विजयावर भर देणे उचित होणार नाही. सुट्या वाचल्या तर ती एका प्रतिष्ठित व्यवसायाने आपल्या प्रतिस्पर्ध्यावर केलेली चढाई वाटू शकतात, आणि तसा आक्षेप होमिओपॅथांनी घेतलाही. हा आक्षेप १८४३ च्या निबंधाने निरस्त होतो. ज्याने परक्याच्या गोळीस लावलेली कसोटी वर्षभरात स्वतःच्या हातास लावली आणि तो हात मळलेला असल्याचे भर सभेत सांगितले, त्याच्या खंडनास पक्षपाताचे खंडन म्हणता येत नाही. वैद्यकीय भ्रमांवर लिहिणाऱ्या पुढील लेखकांना होम्सची चार दृष्टान्तकथांची युक्ती उचलणे सोपे गेले आहे. १८४३ चा निबंध तिच्या जोडीस ठेवणे मात्र फार थोड्यांना साधले आहे.